रोमच्या प्लेबियनांचा दोनशे वर्षांचा लढा

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही, परिषदच रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. या ग्रंथात एका ठिकाणी बाबासाहेब रोमच्या प्लेबियन लोकांचा दाखला देतात. हे प्लेबियन कोण? त्यांचा लढा कशासाठी होता? आणि जातीविषयी बोलताना बाबासाहेबांना दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे रोम का आठवावे?

रोम म्हटले की आपल्याला सीझर आठवतो, नाहीतर हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडणारा हॅनिबल आठवतो. शाळेच्या पुस्तकात राजे आणि सेनापती असतात. ज्यांच्या हातात ढाल-तलवार देऊन या लढाया जिंकल्या, त्या सामान्य माणसांचा इतिहास मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. तो आज पाहू.

नगर एक, माणसे दोन प्रकारची

टायबर नदीच्या काठी रोम वसले. परंपरेप्रमाणे त्याची स्थापना इ.स.पूर्व ७५३ मध्ये झाली. इ.स.पूर्व ५०९ मध्ये रोमन लोकांनी आपला राजा हाकलून दिला आणि दर वर्षी दोन कॉन्सल निवडण्याची पद्धत सुरू केली. राजा गेला, परंतु सत्ता जनतेकडे आली नाही. ती पॅट्रिशियन म्हणजे कुलीन घराण्यांच्या हाती गेली. कॉन्सल त्यांचा, न्यायाधीश त्यांचा, पुरोहितही त्यांचाच. बाकीचे सारे प्लेबियन. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, व्यापारी होते. ते गुलाम नव्हते, स्वतंत्र नागरिक होते. पण पॅट्रिशियन घरात जन्म झाला नाही, एवढ्या कारणाने त्यांना मानाची जागा बंद होती.

त्या काळी रोम म्हणजे साम्राज्य नव्हते, एक लहान नगर होते. चारी बाजूंना शेजारी. डोंगरात सेबाइन, पूर्वेला ईक्वी, दक्षिणेला व्होल्सी, नदीपलीकडे एट्रुस्कन लोकांचे व्हेई नगर. जवळजवळ दर वर्षी कोणाशी तरी लढाई असे. लढायला जायचे प्लेबियन शेतकऱ्याने, तेही स्वतःची शस्त्रे घेऊन आणि पगाराशिवाय. शेत पडीक पडले की सावकाराच्या दारात जायचे. कर्जाला तारण काय? स्वतःचे शरीर! कर्ज फिटले नाही तर सावकार त्याला बांधून नेई आणि राबवून घेई.

रोमन इतिहासकार लिव्ही एका म्हाताऱ्या सैनिकाची हकीकत सांगतो. इ.स.पूर्व ४९५ मध्ये हा माणूस फाटक्या कपड्यांत नगराच्या चौकात आला. त्याच्या छातीवर लढाईच्या जखमांचे वण होते आणि पाठीवर सावकाराच्या फटक्यांचे. तो सेबाइन लोकांशी लढत असताना शत्रूने त्याचे घर जाळले, गुरे नेली. त्यात कर भरावा लागला. कर्ज झाले, वडिलोपार्जित जमीन गेली आणि शेवटी तो स्वतः सावकाराच्या कोठडीत गेला. देशासाठी छातीवर वार झेलणाऱ्याच्या पाठीवर देशवासीयानेच कोरडे ओढले! लोक खवळले. लिव्हीने हे साडेचारशेहून अधिक वर्षांनी लिहिले, त्यामुळे त्यात दंतकथेचा अंश असेल. परंतु कर्जापायी माणूस बांधला जाई, ही गोष्ट खरी आहे.

टेकडीवरचा संप

तेवढ्यात व्होल्सींचे सैन्य चाल करून येत असल्याची बातमी आली. प्लेबियनांनी नावे नोंदवायला नकार दिला. एका कॉन्सलने सवलतीचे वचन दिले, म्हणून ते लढले आणि जिंकले. जिंकून आल्यावर दुसऱ्या कॉन्सलने पुन्हा कर्जदारांना सावकारांच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. वचन विसरले गेले!

तेव्हा इ.स.पूर्व ४९४ मध्ये प्लेबियनांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी कोणावर हात उगारला नाही, घरे जाळली नाहीत. ते शिस्तीने नगराबाहेर पडले आणि सुमारे तीन मैलांवरच्या ‘पवित्र टेकडी’वर तळ ठोकून बसले. आता लढा म्हणावे तुमच्या लढाया तुम्हीच! गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जगाच्या इतिहासातल्या आद्य संपांपैकी हा एक.

घाबरलेल्या सिनेटने मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या गोडबोल्या माणसाला समजूत काढायला पाठवले. त्याने गोष्ट सांगितली. शरीराच्या अवयवांनी एकदा पोटावर रुसून काम बंद केले. पोट नुसते बसून खाते म्हणाले. हाताने घास उचलला नाही, दातांनी चावला नाही. शेवटी सगळे शरीरच खंगले आणि कळले की पोटही सर्वांना रक्त पुरवते. म्हणून बाबांनो, आपापल्या जागी राहा आणि काम करा.

ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते ना? आपल्याकडे पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्यापासून चार वर्ण निघाले. विषमतेचे समर्थन करायचे झाले की शरीराचा दाखला बरा पडतो. पायाने कधी मस्तक व्हायचे नसते, असे त्यातून परस्पर सिद्ध होते!

पण प्लेबियन नुसत्या गोष्टीवर परत आले नाहीत. त्यांनी स्वतःचे प्रतिनिधी मान्य करून घेतले. हे ट्रिब्यून. ट्रिब्यून प्लेबियनच असला पाहिजे, पॅट्रिशियनाला ती जागा नाही. त्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. अधिकाऱ्याने अन्याय केला तर ‘मी मनाई करतो’ असे म्हणून तो हुकूम थांबवू शके. गरिबाला केव्हाही येता यावे म्हणून त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असे. आपल्या माणसाने आपल्यातूनच निवडलेला प्रतिनिधी किती मोलाचा, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

लिहिलेला कायदा आणि लग्नाची बंदी

पुढचा लढा कायद्याचा. कायदा पुरोहितांच्या डोक्यात होता. ते सांगतील तो नियम. प्लेबियनांनी मागणी केली की कायदा लिहा आणि सर्वांना दिसेल असा लावा. इ.स.पूर्व ४५१–४५० मध्ये बारा पाट्यांवर कायदा लिहिला गेला.

परंतु लिहिलेला कायदा न्यायाचा असतोच असे नाही. मनुस्मृतीही लिहिलेलीच होती. या बारा पाट्यांत एक कलम घुसडले गेले की पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांचे आपसात लग्न होणार नाही. देवाचा कौल घेण्याचा अधिकार आमच्या रक्तात आहे, रक्त मिसळले तर तो बाटेल, असा पॅट्रिशियनांचा दावा. कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूनने त्याविरुद्ध आवाज उठवला. रोमने सेबाइन माणसाला राजा केले, एट्रुस्कन प्रदेशातून आलेल्यालाही केले; मग स्वतःच्या नागरिकांचाच विटाळ कसा, असा त्याचा सवाल होता. त्या वेळीही शेजाऱ्यांशी युद्ध उभे होते आणि प्लेबियनांशिवाय सैन्य उभे राहत नव्हते. इ.स.पूर्व ४४५ मध्ये बंदी उठली. जातीवर खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे बाबासाहेबांनी त्याच लाहोरच्या भाषणात सांगितले आहे.

भाकरी की सत्ता?

त्यानंतर कॉन्सलऐवजी काही वर्षे जे वरिष्ठ अधिकारी निवडले जात, त्या जागा प्लेबियनांनाही खुल्या झाल्या. पण पहिल्याच निवडणुकीत प्लेबियन मतदारांनी सगळे पॅट्रिशियन निवडून दिले! त्या जागेवर पहिला प्लेबियन बसायला इ.स.पूर्व ४०० उजाडले. कायदा बदलायला एक दिवस पुरतो, मनातली गुलामी जायला पिढ्या लागतात.

पुढे लिसिनियस आणि सेक्स्टियस हे दोन ट्रिब्यून दहा वर्षे सतत निवडून आले. त्यांनी तीन कायदे मांडले. कर्जात भरलेले व्याज मुद्दलातून वजा करावे. कोणाकडेही ५०० युगेरा म्हणजे सुमारे ३१० एकरांहून जास्त जमीन नसावी. आणि दोन कॉन्सलपैकी एक प्लेबियन असावा. लोक म्हणू लागले, कर्जाचे आणि जमिनीचे तेवढे करा, कॉन्सलपद राहू द्या. दोघांनी ठणकावले की तिन्ही एकत्र घ्या, नाहीतर आम्ही उभे राहणार नाही. इ.स.पूर्व ३६७ मध्ये तिन्ही कायदे झाले. याच लिसिनियसला दहा वर्षांनी स्वतःच्याच कायद्याखाली दंड झाला. मुलाला कागदोपत्री वेगळे दाखवून त्याने दुप्पट जमीन राखली होती. पुढाऱ्यांवर लक्ष ठेवावे लागते, ते आपले असले तरी!

पुरोहिताची किल्ली

आता बाबासाहेबांनी दिलेल्या दाखल्याकडे येऊ. ते म्हणतात, प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला, तरी त्यांना आपला खंबीर माणूस त्या जागी बसवता आला नाही. कारण निवडीला देवाची मान्यता लागते ही त्यांची श्रद्धा, आणि देवाचा कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन. जो पॅट्रिशियनांना नमून राही, तोच देवाला पसंत पडे. श्रद्धेपायी हातातला हक्क निसटला.

लिव्हीने नोंदलेली एक घटना पाहा. इ.स.पूर्व ३२७ मध्ये मार्सेलस या प्लेबियनाची सर्वोच्च अधिकारी म्हणून नेमणूक झाली. शकुन सांगणाऱ्यांनी नेमणुकीत दोष काढला. ट्रिब्यूनांनी विचारले, दूर छावणीत मध्यरात्री शांततेत झालेल्या विधीतला दोष यांना रोममध्ये बसून कसा दिसला? तो प्लेबियन आहे हाच तो दोष! तरी मार्सेलसला जावे लागले.

ही कोंडी फोडणाऱ्यांत एक कारकून होता. फ्लेव्हियस त्याचे नाव. बाप मुक्त झालेला गुलाम. कोर्ट कोणत्या दिवशी चालते हे पुरोहित गुप्त ठेवत. सामान्य माणसाने तारीख त्यांनाच विचारायची. इ.स.पूर्व ३०४ मध्ये फ्लेव्हियस मोठ्या पदावर निवडून आला आणि त्याने ते पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात लावले. खटल्यात बोलायची ठरीव वाक्येही त्याने जाहीर केली. एकदा तो आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला, तेव्हा तिथे बसलेली कुलीन पोरे ठरवून उठली नाहीत. त्याने आपल्या पदाची मानाची खुर्ची मागवली आणि त्यांच्यासमोर तीवर बसला.

इ.स.पूर्व ३०० मध्ये पुरोहितांच्या जागाही प्लेबियनांना खुल्या झाल्या. इ.स.पूर्व २८७ मध्ये कर्जापायी लोक पुन्हा एका टेकडीवर जाऊन बसले, आणि प्लेबियन सभेचा ठराव साऱ्या रोमवर बंधनकारक झाला. पहिल्या संपापासून हे घडायला २०७ वर्षे लागली.

जे बाहेर राहिले

या विजयालाही डाग आहे. श्रीमंत प्लेबियन घराणी पॅट्रिशियनांत मिसळली आणि नवे सरदार तयार झाले. गरीब प्लेबियन तिथेच राहिला. स्त्रियांना मत नव्हतेच. आणि युद्धकैद्यांच्या रूपाने गुलामांची संख्या वाढत गेली. इ.स.पूर्व ७३ मध्ये स्पार्टाकसने बंड केले. ते मोडल्यावर इ.स.पूर्व ७१ मध्ये कॅपुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलामांना क्रुसावर टांगले गेले. तरीही रोमन गुलाम मुक्त होऊन नागरिक होऊ शके, त्याचा मुलगा फ्लेव्हियससारखा खुर्चीवर बसू शके. गुलामाची तुलना अस्पृश्याशी करताना बाबासाहेबांनी हाच फरक दाखवला आहे. गुलामी सुटू शकत होती, अस्पृश्यता जन्मभर चिकटून राही.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्यामागचे एक कारण रोमच्या या दाखल्यात सापडते. देवाचा कौल दुसऱ्याच्या हाती असेल, तर मताचा हक्कही दुसऱ्याच्याच हाती जातो. प्लेबियनांना हे उमजायला दोनशे वर्षे लागली. आपल्याला ती किल्ली आयती मिळाली आहे, ती गंजू देऊ नका.

आपल्यातले जे कचेरीत काम करतात, नियम आणि परिपत्रके वाचू शकतात, त्यांनी फ्लेव्हियसचे काम करावे. शिष्यवृत्तीची तारीख, दाखल्याला लागणारी कागदपत्रे, शासनाचा नवा निर्णय विहाराच्या फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहून लावावा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावा. या कामाला खर्च खडूच्या कांडीपुरताच येतो.

जय भीम!