रातकिडा कोळ्याला घाबरत का नाही? (आणि हा प्रश्नच का चुकला आहे)

मागच्या महिन्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. पेट पास झाली होती, मुलाखत दोन आठवड्यांवर होती आणि प्रपोजलला विषय सापडत नव्हता. "ताई, तू तो रातकिड्यांचा किस्सा सांगितला होतास ना, त्यावर काही होईल का? मी शीर्षक पण काढलंय. 'पाळीव टॅरेंटुलाच्या सान्निध्यात रातकिड्यांमधील भीतीचा अभाव'."

शीर्षक भारदस्त आहे, पण मुलाखतीत पाच मिनिटंही टिकणार नाही. का टिकणार नाही, हे तिला फोनवर समजावताना दीड तास गेला. त्यात चूक तिची नव्हती. तिने फक्त माझीच जुनी चूक उचलली होती. म्हणून आता सगळं नीट लिहून काढते.

आधी किस्सा. मी इथे अमेरिकेत आहे आणि इथे मांजर पाळावं तसे टॅरेंटुला पाळणारे लोक आहेत. माझी रूममेट त्यांतली एक. तिच्याकडे 'चिली रोज' नावाने विकली जाणारी मादी आहे, पाय पसरून बसली की माझ्या तळहाताएवढी. काचेची पेटी, खाली कोकोपीट, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, दुसऱ्या कोपऱ्यात झाडाच्या सालीचा आडोसा, एवढाच संसार. खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. पेट शॉपमध्ये ते डझनावर मिळतात, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत लपायला अंड्यांच्या ट्रेचा तुकडा. जात ठरलेली असते: अकीटा डोमेस्टिकस, दोनेक सेंटीमीटरचा भुरकट रातकिडा, पिढ्यान् पिढ्या फार्ममध्ये वाढवलेला.

डिसेंबरमध्ये रूममेट तीन आठवडे घरी गेली. जाताना दोनच सूचना दिल्या. आठवड्याला दोन-तीन रातकिडे टाकायचे आणि चोवीस तासांत खाल्ले नाहीत तर काढून घ्यायचे. पहिली मी पाळली.

दुसरी पाळली नाही, कारण पेटीत जे चाललं होतं ते फारच मजेशीर होतं. कोळीण हलत नव्हती. एक रातकिडा सरळ तिच्याकडे गेला, मिशांनी तिचा पाय चाचपला आणि त्या पायावर चढला. दुसरा तिच्या पोटाखाली जाऊन बसला, जणू पावसात वडाखाली थांबलाय. तिसरा पाठीवर चढून तिथेच मिशा साफ करत बसला. कोळिणीने फार फार तर एक पाय उचलून परत ठेवला. मी चार रात्री टेबललॅम्प लावून बघत बसले आणि वहीत लिहिलं, "भीती नाही."

सगळी गडबड या दोन शब्दांत आहे. "रातकिडा कोळ्याच्या पायावर चढला" हे निरीक्षण आहे. "भीती नाही" हा निष्कर्ष आहे, आणि तोही माझ्या डोळ्यांनी काढलेला. मला आठ पायांचा केसाळ राक्षस दिसत होता. रातकिड्याला काय 'दिसत' होतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

रातकिडा बिनधास्त प्राणी नाही, हे कपाटामागे ओरडणारा रातकिडा शोधायला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. आपण दोन पावलं टाकली की तो गप्प. त्याच्या शरीराच्या मागच्या टोकाला शेपटीसारखे दोन काटे असतात, त्यांना सर्की म्हणतात. त्यांवर शेकडो अतिशय बारीक केस असतात आणि हवा जराशी हलली तरी ते झुकतात. कोणता केस कुठल्या दिशेला झुकला यावरून धोका कुठून येतोय हे ठरतं. हा संदेश जाड, वेगवान चेतातंतूंमधून पुढे जातो आणि रातकिडा उलट दिशेला उडी मारतो. फुंकर मारून बघा, लगेच कळेल.

फ्रान्समध्ये जेरोम कासास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडगा-कोळी (म्हणजे जाळं न विणता जमिनीवर धावून शिकार करणारे कोळी) आणि रानातले रातकिडे यांच्यावर बराच अभ्यास केलाय. २००८ च्या एका पेपरमध्ये त्यांनी धावत्या कोळ्यापुढची हवा कशी हलते तेच मोजलं. हवेत बारीक कण सोडायचे, लेझरच्या प्रकाशात त्यांची हालचाल टिपायची. दिसलं असं की धावणारा कोळी स्वतःच्या पुढे हवा ढकलत येतो आणि ही हालचाल त्याच्या काही सेंटीमीटर पुढेही जाणवण्याइतकी असते. म्हणजे धावणारा कोळी रातकिड्याच्या दृष्टीने ढोल वाजवत येतोय. म्हणूनच शिकारी कोळ्यांना दोनच मार्ग परवडतात. एकतर दबा धरून बसायचं, नाहीतर समोरच्याला वेळच मिळणार नाही इतक्या वेगाने झडप घालायची.

आता आमच्या पेटीकडे परत या. चिली रोज ही दबा धरणाऱ्यांतली, आणि त्यातही महा-आळशी. तासन् तास हलत नाही. ती हलत नाही तोवर तिच्याभोवतीची हवाही हलत नाही. रातकिड्याच्या धोक्याच्या घंटेला वाजवणारं तिथे काहीच नाही. उलट रातकिड्यांना हवी असते अंधारी, अरुंद, अंगाला चिकटणारी जागा. पेटीतल्या उघड्या मैदानात, वरून लॅम्प मारलेला असताना, तशा जागा दोनच होत्या: सालीचा आडोसा आणि कोळिणीचं पोट. तो शत्रूच्या कुशीत शिरत नव्हता, सावलीत शिरत होता.

मग वास? वासावरून रातकिड्याला कोळी ओळखता येतो का? काही रातकिड्यांना येतो, आणि तो प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतले जोनाथन स्टॉर्म आणि स्टीव्हन लिमा यांनी शेतात सापडणाऱ्या एका रातकिड्याच्या गाभण माद्यांसोबत लांडगा-कोळी सोडला. त्याच्या सुळ्यांना मेण लावलं होतं, म्हणजे तो पाठलाग करेल पण मारू शकणार नाही. या माद्यांच्या पिल्लांनी कोळी कधी पाहिलाच नव्हता. तरीही इतर पिल्लांपेक्षा ती जास्त आडोशाला राहिली, कोळ्याच्या खुणा मिळाल्या की जास्त थिजली आणि खऱ्या कोळ्यासमोर जास्त काळ जगली. हा पेपर २०१० चा. आईला आलेल्या अनुभवाची सूचना अंड्यातून पुढे गेली.

आता आमच्या रातकिड्यांचा विचार करा. त्यांच्या आईने, आजीने, पणजीने फार्मच्या डब्याबाहेरचं जग पाहिलेलं नाही. शिवाय ही कोळीण चिलीकडची, रातकिड्याची जात मूळची जुन्या जगातली. दोघांची गाठ पडली ती काचेच्या पेटीत. अशा भक्ष्याला भक्षकाची ओळख नसणं अगदी शक्य आहे. पण हे मी 'शक्य' म्हणतेय, 'सिद्ध' नाही. स्टॉर्म-लिमांची जात वेगळी, कोळी वेगळा. हा फरक मुलाखतीत स्वतःहून सांगा, समोरच्याने काढायची वाट बघू नका.

ज्युनियरचा एक अंदाज होता परजीवीचा. रातकिड्यांना पाण्यात उडी मारायला लावणाऱ्या केसकृमींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पण तो कृमी यजमानाला पाण्याकडे नेतो, कोळ्याकडे नाही. आणि फार्मच्या कोरड्या खाद्यावर वाढलेल्या रातकिड्यात तो शिरण्याची शक्यताही कमीच. विषय आकर्षक आहे, पण इथे लागू नाही. सोडून द्या.

दुसरं असं की आपण एका वाक्यात दोन प्रश्न कोंबतोय. रातकिडा पळत का नाही हा एक, आणि कोळीण धरत का नाही हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पूर्ण वेगळं असू शकतं. पेरूमध्ये एक छोटा बेडूक मोठ्या टॅरेंटुलाच्या बिळातच राहतो. १९८९ मध्ये कॉक्रॉफ्ट आणि हॅम्बलर यांनी त्याबद्दल लिहिलं. कोळी कधी कधी त्याला उचलतो, तोंडाजवळ नेऊन तपासतो आणि सोडून देतो, बहुधा त्वचेवरच्या रसायनांमुळे. आमच्या पेटीत असलं काही नव्हतं. कोळिणीला भूक नव्हती, आणि भूक का नव्हती हे मला कळायला हवं होतं.

तिच्या पोटावरचा केस झडलेला भाग काळपट पडला होता. हे कात टाकण्याआधीचं लक्षण, त्या काळात टॅरेंटुला खात नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर ती पाठीवर उलटी पडलेली. मला वाटलं मेली. रूममेटला फोन लावला तर ती पलीकडून ओरडलीच, "क्रिकेट्स काढलेस ना?"

काढले नव्हते. कात टाकून बाहेर आलेला टॅरेंटुला मऊ असतो, सुळेसुद्धा पांढरे आणि लिबलिबीत, स्वतःला वाचवण्याची ताकदच नसते. मी पेटी उघडली तेव्हा दोन रातकिडे तिच्या मागच्या एका पायाचा सांधा कुरतडत होते आणि फिकट निळसर रक्त कोकोपीटवर सांडलं होतं. रातकिडे काढले, फोनवर सांगितल्याप्रमाणे जखमेवर कॉर्नफ्लोअर दाबलं. रात्री तिने तो पाय मुळातून टाकून दिला. ती जगली. रूममेट पुढे दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते बरोबरच होतं.

पण त्या दिवशी वही उघडल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. चार दिवस मी पेटीत रातकिड्यांसाठी गाजराचा तुकडासुद्धा टाकला नव्हता. रातकिडा सर्वभक्षी आहे, वेळ आली तर भाऊबंदांनाही खातो. 'मॉर्मन क्रिकेट' नावाचा एक किडा (हा खरं तर रातकिड्यांचा लांबचा नातेवाईक) अमेरिकेच्या पश्चिम भागात लाखोंच्या झुंडीने चालत निघतो. त्या झुंडी प्रथिनं आणि मीठ यांच्या भुकेने चालतात आणि जो थांबतो त्याला मागचे खातात, असं सिम्प्सन, सोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं. मी ज्याला निर्भयपणा म्हणून नोंदवत होते ती कदाचित साधी भूक होती. मिशांनी पाय चाचपणं ही मैत्री नव्हती, ताटात काय आहे ते बघणं होतं. 'कदाचित' म्हणते, कारण पोट भरलेल्या रातकिड्यांशी तुलना मी केलीच नव्हती.

आणि इंटरनेटवर लोक असे किस्से टाकतात त्यांचं काय? ज्या रातकिड्याला दहा सेकंदांत कोळ्याने उचललं त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. जो आडोशाखाली दडून राहिला तो कुणाला दिसतच नाही. उरतो पाठीवर बसलेला. मग वाटतं, सगळे रातकिडे असेच वागतात.

तर ज्युनियरला मी काय सुचवलं? शीर्षकातून 'भीती' काढ. प्रश्न असा लिही: न हलणाऱ्या भक्षकाजवळ रातकिडा किती वेळ थांबतो, आणि तो वेळ हालचाल, वास, आडोसा आणि भूक यांपैकी कशाने बदलतो? मग कंट्रोल आपोआप सुचतात. एका पेटीत जिवंत कोळी. दुसरीत टाकलेली कात, कारण तिचा आकार हुबेहूब कोळ्याचा पण ती कधीच हलणार नाही. तिसरीत तेवढाच काळा दगड. चौथीत कोळी रात्रभर बसला होता तो कागद, फक्त वासासाठी. प्रत्येकात अर्धे रातकिडे पोटभर, अर्धे उपाशी, आणि एका वेळी एकच, म्हणजे ते एकमेकांवर परिणाम करणार नाहीत. निरीक्षण रात्री, मंद लाल दिव्यात. माझ्यासारखा टेबललॅम्प लावू नका.

सॅम्पल साइझबद्दल एकच सांगते, कारण तिथे सगळे अडकतात. एका कोळ्यासमोर साठ रातकिडे सोडले म्हणजे तुमचे साठ नमुने झाले नाहीत. कोळी एकच आहे, त्याची लहर साठही नोंदींत मिसळलेली आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीवर जो पेपर लिहिला तो मुलाखतीआधी वाचाच, आकडेवारीची भीती असली तरी.

आणि महाराष्ट्रात बसून टॅरेंटुलाच्या मागे लागू नका. आपल्याकडचे झाडांवर राहणारे पोसिलोथेरिया कोळी परदेशातल्या पाळीव बाजारासाठी इतके उचलले गेले की २०१९ मध्ये त्यांचा व्यापार साइटिसच्या यादीत घालावा लागला. गवताळ रानात लांडगा-कोळी भरपूर सापडतात आणि पंखांच्या मुळाशी दोन फिकट ठिपके असलेला काळा रातकिडाही आपल्याकडचाच आहे. त्यांची एकमेकांशी जुनी ओळख आहे, त्यामुळे प्रश्न उलट जास्त चांगला होतो.

ज्युनियरने नवं शीर्षक पाठवलंय, अजून थोडं लांब आहे. रूममेटने ती कात मला देऊन टाकली, चौथ्या की पाचव्या प्रयत्नात मी ती न तोडता पिनांवर बसवली. कातीला आठ पाय आहेत, पेटीत सात. पुढची कात टाकेल तेव्हा आठवा परत येईल, पहिल्यांदा जरा बारीक. रूममेट म्हणते त्याला अजून वर्षभर तरी आहे. रातकिडे आता तीच टाकते.