परवडणारी घरं, आणि मतपत्रिकेवर आलेला कर

आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

कल्पना करा, पोस्टानं घरी मतपत्रिका आलीय. उमेदवारांच्या नावांसोबत त्यावर एक प्रश्नही आहे. कमी कमाईच्या लोकांना घरं मिळावीत म्हणून तुमचा मालमत्ता कर वाढवायचा का? हो की नाही? खरं सांगा, काय कराल?

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये हे खरोखर घडतं. १९८१ पासून तिथल्या मतदारांनी अशा कामासाठी सात वेळा पैसे मंजूर केलेत. २०१६ मध्ये सात वर्षांसाठी २९ कोटी डॉलर दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आकडा थेट ९७ कोटींवर गेला, तरी लोक मोठ्या बहुमतानं 'हो' म्हणाले. घराच्या दर हजार डॉलर किमतीमागे साधारण ४५ सेंट कर. म्हणजे आठ लाखांचं घर असेल तर वर्षाला ३६० डॉलरच्या आसपास. (तिकडे एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या मराठी मंडळींनी घर घेतलं असेल, तर हा कर त्यांनाही लागतो. मत मात्र देता येत नाही!)

आता मुद्द्याचं. या पैशातून सरकार स्वतः घरं बांधतं का? बहुतेक वेळा नाही. हा पैसा खड्डा भरतो. कसा ते बघा, आकडे फक्त समजण्यापुरते. एक फ्लॅट बांधायला चार लाख डॉलर लागतात असं धरा. भाडेकरूची कमाई बेताची, म्हणून भाडं १,२०० च ठेवायचं. त्यातून देखभाल, विमा वगैरे गेलं की महिन्याला ५०० उरतात. एवढ्या हप्त्यावर बँक कर्ज देणार जेमतेम ८० हजार. बाकीचे तीन लाख वीस हजार कोण देणार? खासगी बिल्डर इथेच हात वर करतो, आणि त्याचं गणित चुकलेलं नसतं.

काही भाग केंद्र सरकारच्या कर-सवलतीतून येतो. ही योजना १९८६ ची. गुंतवणूकदार इमारतीत पैसे घालतात, बदल्यात दहा वर्षं त्यांचा कर कमी होतो. तरीही जे कमी पडतं, ते मतदारांनी दिलेल्या पैशातून. शहराचा पैसा हातात आहे म्हटल्यावर बाकीचे दारही उघडतात. बदल्यात शहराची अट असते, की ही घरं किमान ५० वर्षं कमी भाड्याचीच राहतील.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आपली म्हाडाची लॉटरी तीच की! नाही. लॉटरीत लागलेलं घर आपल्या मालकीचं होतं, इथे बहुतेक घरं भाड्याचीच राहतात. शिवाय आपल्याकडे महापालिकेचा अर्थसंकल्प सभागृहात मंजूर होतो. 'या कामासाठी एवढा कर, चालेल का?' असं आपल्याला कुणी मतपत्रिकेवर विचारत नाही.

पण विचारलं म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. लॉस एंजेलिसनं २०१६ मध्ये १२० कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, मुख्यतः बेघर लोकांच्या घरांसाठी. म्हणजे आधी कर्ज काढायचं आणि मग मालमत्ता करातून फेडायचं. पहिली इमारत उघडली २०२० मध्ये. २०२२ च्या तपासणीत दिसलं, की एका प्रकल्पात एकेका घराचा खर्च आठ लाख डॉलरवर गेला होता. एक मोठं कारण तोच खड्डा. तो भरायला पाच-सहा ठिकाणांहून पैसे गोळा करायचे, प्रत्येकाचे नियम वेगळे, अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या. तोवर सिमेंटपासून मजुरीपर्यंत सगळं महागतं. कर भरणाऱ्याला हे कळत नाही. त्याला फक्त रस्त्यावरचा तंबू अजून तिथेच दिसतो, आणि पुढच्या वेळी तो 'नाही'वर खूण करू शकतो.

कॅलिफोर्नियात तर अशा रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागतात. सिलिकॉन व्हॅलीतल्या सांता क्लारा काउंटीत २०१६ मध्ये ९५ कोटींचा प्रस्ताव ६८ टक्क्यांच्या जरा खाली थांबला. म्हणजे पास झाला, पण अगदी काठावर. ही अट ५५ टक्क्यांवर आणायची का, असं नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर विचारलं गेलं. मतदारांनी 'नाही' म्हटलं.