गुडघेदुखी, घरचा व्यायाम आणि मोबाईलची साथ

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिसला मराठीत सर्रास ‘झीज’ म्हटले जाते. झिजणारा भाग जितका कमी वापरावा तितके बरे, असा अर्थ त्या शब्दातून नकळत निघतो. वैद्यकशास्त्राचा सल्ला मात्र नेमका उलट आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यायामाला या आजारावरील उपचारांचा गाभा मानले आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की चालताना आणि जिना चढताना सांध्याला आधार मिळतो व वेदना कमी होते.

खरी अडचण सातत्याची आहे. दवाखान्यात शिकलेला व्यायाम घरी काही आठवड्यांत मागे पडतो. तंत्रज्ञानाचा उपयोग होतो तो इथे.

मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०६ रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना संकेतस्थळावरून आजाराची माहिती मिळाली. एका गटाला त्याशिवाय २४ आठवड्यांचा व्यायामक्रम आणि मोबाईलवर आपोआप येणारे संदेश देण्यात आले. व्यायाम झाला का, नसल्यास कशामुळे, अशी विचारणा हे संदेश करीत आणि कारणानुसार उपाय सुचवीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गटातील सुमारे ७२ टक्के रुग्णांच्या वेदनेत लक्षणीय घट झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४२ टक्के होते.

ज्यांना तज्ज्ञाची देखरेख हवी, त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉलचा पर्याय आहे. ऑस्ट्रेलियातच ३९४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, व्हिडिओवरील फिजिओथेरपी प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी परिणामकारक ठरली नाही.

अर्थात, पडद्याला मर्यादा आहेत. गुडघा अचानक सुजणे, लाल व गरम होणे, अडकणे, ताप येणे किंवा पडून मार लागणे, अशा वेळी प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. व्यायामानंतर थोडे दुखणे मात्र अपेक्षितच असते. ते साधारण २४ तासांत पूर्वपदावर न आल्यास व्यायाम बंद न करता त्याचे प्रमाण कमी करावे.

परदेशातून आईवडिलांना फोन करणाऱ्यांसाठी यात एक साधे सूत्र आहे. ‘गुडघा कसा आहे?’ या प्रश्नाला बहुधा ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘या आठवड्यात व्यायाम किती वेळा झाला, आणि कशामुळे राहिला?’ ही विचारणा अधिक उपयुक्त. मेलबर्नमधील ते संदेशही याहून फारसे वेगळे काही विचारत नव्हते.