पायीं चालणाऱ्यांनीं कोठून जावें?

परळ व प्रभादेवी यांस सन १९१३ पासून जोडणारा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजीं रहदारीस बंद झाला. शंभरी उलटलेला पूल पाडावा, त्या जागीं दुमजली पूल उभारून वरच्या मजल्यावरून शिवडी-वरळी मार्ग न्यावा, यांत वावगें कांहीं नाहीं. आम्हांस बोचते ती योजनाकारांची दृष्टि. मोटारींना टिळक पुलाचा व करी रोडचा वळसा दाखविला कीं व्यवस्था झाली, असें त्यांस वाटतें. पण वरळी-प्रभादेवीकडून के. ई. एम. किंवा टाटा इस्पितळांत निघालेल्या रोग्यानें हा वळसा पायीं कसा घालावा? त्याच्या वांट्यास आला तो रेल्वेचा जिना.

आणि या जिन्यांचा इतिहास मुंबईकर विसरलेले नाहींत. तेव्हां एल्फिन्स्टन रोड म्हणविणाऱ्या व आतां प्रभादेवी झालेल्या स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं, पाऊस कोसळत असतां, चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. पुढें लष्करास पाचारण करण्यांत आलें व फेब्रुवारी २०१८ मध्यें नवा पूल खुला झाला. म्हणजे पांच महिन्यांच्या आंत होण्यासारखें काम होतें. त्यासाठीं आधीं तेवीस जणांना मरावें लागलें!

सायकलस्वाराची कथा निराळी नाहीं. सन २०२४ मध्यें खुल्या झालेल्या किनारी रस्त्यावर त्यास मज्जाव आहे. वेगाचा रस्ता म्हणून तेंही मान्य करूं. मग लालबागच्या उड्डाणपुलाखालीं बेस्टच्या गाड्या व मालमोटारी यांच्या मधून त्यानें जीव मुठींत धरून जावें, हाच काय त्याचा मार्ग?

पदपथाचा विषय निघाला कीं फेरीवाल्याकडे बोट दाखविण्याची रीत पडून गेली आहे. दादर स्थानकाबाहेर ती तक्रार अगदींच खोटी नव्हे. परंतु गिरगांवांत पदपथावर चाकें चढवून उभी केलेली मोटार कोणाच्याच डोळ्यांत सलत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. फेरीवाला निदान पोटासाठीं बसतो.

निर्वेध पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें बजाविलें आहे. तेव्हां महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आमचें मागणें स्पष्ट आहे: नव्या पुलाच्या खालच्या मजल्यावर दोन्ही अंगांस पदपथ असावा, रोग्याची चाकाची खुर्ची सहज चढेल असा त्यास उतार असावा, आणि वरून पहिली मोटार धांवण्यापूर्वीं तो चालणाऱ्यांस खुला व्हावा.