‘पुणे’ शोधलं, ‘पण’ सापडलं

समजा, तुम्ही तुमच्या गावातल्या मराठी मंडळाचे जुने अंक वेबसाइटवर चढवताय. सर्च बॉक्स आयता मिळतो, पण त्याचे नियम बरेचदा युरोपीय भाषांसाठी लिहिलेले असतात. ‘कॅफे’ हा फ्रेंच शब्द वरच्या तिरक्या रेघेसकट लिहा किंवा रेघेविना, दोन्ही सापडावेत म्हणून काही सर्च अक्षरांवरच्या खुणा सरळ पुसून टाकतात. गंमत अशी, की युनिकोडच्या लेखी आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याही त्याच वर्गातल्या खुणा. त्या पुसल्या की ‘पुणे’चं होतं ‘पण’! तेव्हा देवनागरीसाठी हे पुसणं आधी बंद करा.

आता उलटा प्रश्न. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. काही जण अजूनही ‘अ’ला वेगळा चंद्र जोडतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन ही जोडी एक करत नाही, म्हणून नियम आपणच लिहायचा. इलास्टिकसर्च वापरत असाल, तर त्यासाठी ‘मॅपिंग’ कॅरेक्टर फिल्टर आहे.

खरी मेख ‘ऱ्य’मध्ये आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा ‘ऱ्य’ कुणी ‘ऱ’ला हलन्त लावून लिहितं, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं अक्षर वापरून. सर्चने न दिसणारी अक्षरं आधीच काढली, तर दुसऱ्या पद्धतीच्या दऱ्या थेट दर्यात बुडतात. म्हणून क्रम पाळा: आधी दुसरी पद्धत पहिलीत बदला, मग उरलेले जॉइनर काढा.

‘१९६०’ मराठी आकड्यांत असो की इंग्रजी, एकच धरा. आणि हे सगळे नियम साठवलेल्या मजकुराला आणि शोधशब्दाला सारखेच लावा. नियम बदलला की इंडेक्स पुन्हा बनवा, नाहीतर जुना मजकूर जुन्याच नियमाने राहतो.

शेवटी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ शोधून बघा. गुरुजी आणि स्वयंपाकी वेगवेगळे सापडले, तर काम झालं. एवढी खटपट कशाला? कारण सर्च ‘काही सापडलं नाही’ म्हणाला, की शोधणारा आपल्या टायपिंगवर शंका घेत नाही. आजीचा लेख अंकात नव्हताच, असं समजून तो पान बंद करतो.