बोगद्याच्या पलीकडचं साल

ठाकुरवाडी म्हटलं की पुण्याला रेल्वेनं जाणाऱ्या काहींना घाटातली केबिन आठवेल. कर्जत सोडलं, पळसदरी आणि जांबरुंग मागे पडलं, की ठाकुरवाडी येते. मग नागनाथ, मंकी हिल आणि खंडाळा. पण आमच्या कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी हे काही एकाच गावाचं नाव नाही. ठाकर समाजाची वस्ती ती ठाकुरवाडी. डोंगराच्या कडेकडेनं अशा कितीतरी वाड्या आहेत. त्यांतल्याच एका वाडीतली, अकरावीत शिकणारी एक मुलगी माझ्या रविवारच्या वाचनवर्गाला येते. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर हा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही, त्यामुळे येणारे मनापासून येतात.

एका रविवारी मी मुलांना ‘पॅसेंजर’ या अमेरिकन कादंबरीची गोष्ट सांगितली. अलेक्झांड्रा ब्रॅकन या लेखिकेची ही कादंबरी २०१६ साली आली. एटा नावाची सतरा वर्षांची मुलगी आजच्या न्यूयॉर्कमध्ये व्हायोलिन वाजवते. एका संध्याकाळी ती काळाच्या फटीतून ओढली जाते आणि डोळे उघडते ते थेट १७७६ सालच्या, अटलांटिक महासागरातल्या एका जहाजावर. अमेरिका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत, नुकतीच बंड करून उठलेली. जहाजावर तिला निकोलस भेटतो. त्याची आई गुलाम होती. तो स्वतः आता मुक्त आहे, पण त्याच्या कातडीचा रंग त्या काळाला विसरता येत नाही. दोघं प्रेमात पडतात. इंग्रजीत अशा गोष्टींचं एक मोठं दालनच आहे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली, कालप्रवासाची प्रेमकथा. त्यातही वसाहतकाळातली अमेरिका हा तिकडच्या लेखकांचा आवडता मुक्काम. ‘आउटलँडर’ ही डायना गॅबाल्डनची मोठ्यांसाठीची कादंबरीमालिका १९९१ साली स्कॉटलंडात सुरू झाली, तीही पुढच्या भागांत उत्तर कॅरोलायनाच्या वसाहतीत जाऊन पोचली.

पुढच्या रविवारी ही मुलगी वही घेऊन आली. “बाई, मी आपल्या इथली लिहिलीय,” म्हणाली. गोष्ट अशी की, ठाकुरवाडीची मुलगी पावसात रानभाजी आणायला गेलेली असते. वाट चुकते, घाटातल्या एका जुन्या बोगद्यात आडोशाला शिरते आणि पलीकडे निघते ती १८६० सालात. तिथं गोरा, निळ्या डोळ्यांचा, घोड्यावरचा तरुण रेल्वे इंजिनिअर. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. (बोगद्यात खऱ्या आयुष्यात कुणी शिरू नये, हे मी तिला आधी सांगितलं. तुम्हालाही सांगते.)

“चालेल का?” असं तिनं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर देताना मला ही सगळी जातकुळी नव्यानं समजून घ्यावी लागली.

तसं पाहिलं तर कालप्रवासाची प्रेमकथा आपल्याला नवी नाही. रेवतीची कथा पुराणात आहे. तिला साजेसा वर कोण, हे विचारायला तिचे वडील, राजा ककुद्मी, तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेले. तिथं गाणं चाललं होतं, म्हणून जरा थांबले. तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटली. मनात धरलेले सगळे वर, त्यांची मुलं, नातवंडं, कुणीच उरलं नव्हतं. मग रेवतीचं लग्न बलरामाशी लागलं. जुन्या युगातली म्हणून ती फार उंच होती, तेव्हा बलरामानं नांगर लावून तिची उंची बेताची केली असं सांगतात. दुसऱ्या काळातल्या माणसाशी संसार करायचा तर कुणाला तरी आपली उंची कमी करावी लागते. ती रेवतीनंच का करावी, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलींनी विचारला आणि माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हतं.

अमेरिकेची स्वतःची जुनी कथा म्हणजे वॉशिंग्टन आयर्विंगची ‘रिप व्हॅन विंकल’, १८१९ सालची. रिप डोंगरात जातो, कुणाची तरी दारू पितो आणि वीस वर्षं झोपतो. झोपताना तो इंग्रज राजाचा प्रजानन असतो, उठतो तेव्हा स्वतंत्र देशाचा नागरिक. गावातल्या खाणावळीच्या पाटीवर राजा जॉर्जचं चित्र होतं. तेच आता थोडं रंगवून खाली जनरल वॉशिंग्टनचं नाव घातलेलं. एवढी मोठी क्रांती, आणि ती दिसते ती पाटीवरच्या रंगात. रिपला बायकोच्या जाचातून सुटल्याचाच आनंद जास्त, त्यामुळे प्रेमकथा म्हणून ही गोष्ट बाद.

मराठीत आपल्याकडे जयंत नारळीकरांचं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथं १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतलं गेलं. त्यात पंत पुण्याहून मुंबईला ‘जिजामाता एक्स्प्रेस’नं येतात, आणि घाटाचा भाग त्यांच्या ओळखीच्या घाटासारखाच असतो. गाडी कर्जतला थोडा वेळ थांबते. म्हणजे मराठी लेखणीतला सर्वांत गाजलेला असा प्रवास आमच्या डोंगरातून गेला आहे. कर्जतच्या वड्याचा उल्लेख मात्र नाही! पंत विश्वासरावाच्या गोळीमागे इतके लागलेले असतात की प्रेमात पडायला त्यांना सवड नसते. पण एक गोष्ट ते करतात. परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचं एक पान असतं, त्या दुसऱ्या जगातलं. विश्वासरावाला गोळी चाटून गेली, लागली नाही, असं सांगणारं. आपण सांगतो ते खरं आहे, याचा तेवढाच पुरावा.

तर मी त्या मुलीला पहिली शंका काढली ती शिक्षकी बाण्याची. “तुझा बोगदा १८६० साली आरपार झालेला होता का?” बोरघाटातलं काम १८५६ साली सुरू झालं आणि गाडी धावली १८६३ च्या एप्रिलात. मधल्या काळात शिरलीस तर कातळातच अडकशील. ती हसली, पण गप्प झाली. मग आम्ही दोघींनी घाटाचं काम नीट वाचायला घेतलं.

सुमारे पंचवीस किलोमीटरची चढण, उंची १,८३१ फूट, पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानींचे पूल. १८६१ च्या सुरुवातीला या डोंगरावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर होते. त्यांतले बरेच दूरच्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेले, बायकामुलांसह. पहार, घण, सुरुंगाची दारू आणि डोक्यावरची पाटी. पहिला ठेकेदार फॅविएल. मजुरी थकली म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजूर चिडून उठले, दंगल झाली, आणि त्याच वर्षी ठेका त्याच्याकडून गेला. मग सॉलोमन ट्रेडवेल आला तो हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मेला. त्याची बायको ॲलिस. तिनं परतीचं जहाज पकडलं नाही. ॲडमसन आणि क्लाउसर या दोन अनुभवी माणसांकडे देखरेख सोपवून तिनं नवऱ्याचा ठेका पुरा केला. पटकीच्या साथीनं मजुरांच्या झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या केल्या. गोरेही गेले, पण गोऱ्यांची थडगी झाली. पाटी वाहणाऱ्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.

“या बेचाळीस हजारांत तुझी नायिका कोण?” मी विचारलं. हा प्रश्न मला ऑक्टाव्हिया बटलर या कृष्णवर्णी लेखिकेच्या ‘किंड्रेड’मुळे सुचला. १९७९ सालच्या त्या कादंबरीत डेना ही काळी तरुणी १९७६ च्या कॅलिफोर्नियातून एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या मळ्यावर ओढली जाते. गोरी मुलगी मागच्या काळात गेली तर तिला कपडे जुन्या पद्धतीचे घालावे लागतात, बोलणं सांभाळावं लागतं. डेना गेली ती गुलाम म्हणून गेली. तिथं चाबूक आहे. शेवटच्या खेपेला ती परतते तेव्हा तिचा एक हात मागेच राहतो. पंतांनी एक पान आणलं, हिनं हात दिला. एकाच कालप्रवासाचा भाडेदर माणसागणिक असा बदलतो.

ठाकुरवाडीची मुलगी १८६० सालात उतरली तर घोड्यावरचा साहेब तिला घरंदाज तरुणी समजून टोपी काढणार नाही. तिच्या डोक्यावर पाटी देईल. प्रेम त्यातूनही जमू शकतं, जगात काहीही जमतं. पण मग पाटीचं काय झालं, हे लेखिकेला लिहावं लागेल.

दुसरा पेच शिंग्रोबाचा. जुन्या महामार्गावर खोपोलीच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. ट्रकवाले गाडी हळू करून नाणं टाकतात. दंतकथा अशी की, साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती या धनगरानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली. वर्गातल्या एका मुलानं सुचवलं, नायिकेनं शिंग्रोबाला आधीच सावध करावं. छान. पण तो वाट दाखवायला गेलाच नाही, तर रेल्वे होणार नाही. रेल्वे नाही तर बोगदा नाही. बोगदा नाही तर ही मुलगी मागच्या काळात जाणार कुठून, आणि शिंग्रोबाला सांगणार कोण? या कोड्याला इंग्रजीत आजोबांचा पेच म्हणतात. भूतकाळात जाऊन आपल्याच आजोबांना लग्नाआधी मारलं, तर मारणारा जन्मला कसा? लेखकांनी यातून दोन वाटा काढल्या. एक, घडलेलं काही केल्या बदलत नाही, जाणारा त्याचाच एक भाग होतो. दुसरी, बदल केला की नवं जग फुटतं आणि जुनं आपल्या जागी राहतं. पंतांची गोष्ट ही दुसऱ्या वाटेच्या जवळची. मुलं यावर तासभर भांडली. वर्गात पानिपत शिकवताना असं भांडण मला कधी लावता आलं नव्हतं.

कोड्यातले आजोबा कल्पनेतले. आमच्या लेखिकेचा आजा मात्र खरा. तिनं घरी गोष्ट वाचून दाखवली. म्हातारा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “पोरगी मागं जातेय ना? मंग येताना दळीचा कागद घेऊन ये म्हणावं.”

दळी म्हणजे जंगलातला डोंगरउताराचा तुकडा. राब जाळून त्यात नाचणी, वरी पेरायची. इंग्रजी अमदानीत वनखात्यानं इथल्या ठाकर-कातकऱ्यांना असे तुकडे कसायला दिले. पिढ्यांनी जमीन कसली, पण कागद ज्याच्या त्याच्या पेटीत राहिला असं नाही. पाऊस, वाळवी, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत हलणं. २००६ साली वनहक्क कायदा आला तेव्हा पुराव्याची शोधाशोध सुरू झाली. न्यूयॉर्कच्या मुलीला भूतकाळ म्हणजे झगे आणि जहाजं. या घराला भूतकाळ म्हणजे एक हरवलेलं कागदपत्र. मी म्हाताऱ्याला भेटून सांगितलं, “बाबा, १८६० पर्यंत जायचं कारण नाही. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कबजा दाखवायचा आहे. आणि नियमांप्रमाणे गावातल्या जाणत्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुराव्यात धरतात.” त्यावर तो म्हणाला, “जाणता मीच. माझाच दावा. मंग जबाब कुणी द्यायचा?” नियमातही नेमकं तेच आहे, दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा जबाब. त्याच्या बरोबरीचे आता वाडीत दोघंच आहेत.

या भेटीनंतर गोष्ट बदलली. निळे डोळे गेले. साल झालं १८६२. आता बोगद्याच्या तोंडाशी एक मजूर पोरगा आहे, घाटमाथ्यावरून आलेला, सतराएक वर्षांचा. त्याच्या आईला पटकी झालेली आहे, आणि त्यालाही सुरू होतेय. नायिका काही डॉक्टर नाही, पण तिच्या शाळेच्या भिंतीवर चित्र आहे, जुलाब झाल्यावर काय द्यायचं याचं. त्या काळी ही साधी गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांच्याही हातात नव्हती. मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय विसाव्या शतकात, १९६०च्या दशकात सिद्ध झाला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो हजारो रुग्णांवर वापरला. मुलीनं वहीत लिहिलं होतं, ‘एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.’

मी म्हटलं, हा पोरगा वाचला तर आजोबांचा पेच पुन्हा येईल. त्याची मुलं, नातवंडं, सगळा हिशेब बदलेल. “येऊ दे,” ती म्हणाली. तिला त्याची काळजी नव्हती. तिला अडचण वेगळीच होती. त्या झोपडीत चमचा असणार नाही, लिटरचं माप नाही आणि साखर तर नाहीच. मग बांगलादेशात १९८०च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या बायकांना घरोघर शिकवलेली रीत मी तिला सांगितली. अर्ध्या लिटर पाण्याला मूठभर गूळ आणि तीन बोटांची चिमूट मीठ.

तिनं चमच्याची ओळ खोडली. मग आपली मूठ उघडझाप करून बघितली आणि विचारलं, “मूठ कुणाची धरायची बाई, तिची का त्याची?”