चाळण, व्हिनेगर आणि सोबतीला जाऊबाई

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, वर्षानुवर्षे टिकून राहिलेला संसर्ग, त्यातून पेशींत होणारे बदल आणि त्या बदलांतून उद्भवणारा कॅन्सर, या साऱ्या वाटचालीस सामान्यतः दहा ते पंधरा वर्षे लागतात. इतकी आगाऊ सूचना देणारे दुखणे विरळाच. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अवघ्या 1.9 टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी ना कधी करून घेतल्याचे आढळले. न येण्याची कारणे आम्हा डॉक्टरांना पाठ आहेत. मुलाची दहावी आहे, गौरी-गणपती तोंडावर आले आहेत, घरी पाहुणे आहेत. आणि सर्वांत बिनतोड असे कारण म्हणजे, ‘मला काही होतच नाही, तर कशाला?’

ही तपासणी ‘काही होत नाही’ अशांसाठीच असते, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. तिला चाळणी तपासणी म्हणतात आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे. पीठ चाळताना चाळणीत जे उरते ते सगळेच टाकाऊ नसते. गृहिणी ते बोटांनी पाहते, खडा निघाला तर फेकते, बाकीचे परत डब्यात घालते. तपासणीचेही तसेच. चाळणीत राहिलेली स्त्री रोगी ठरत नाही. तिच्याकडे पुन्हा एकवार नीट पाहावे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वांत साधा प्रकार व्हिनेगरचा. तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्लाचे द्रावण कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावतात आणि मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग तेवढ्यापुरता पांढरा दिसतो. ‘म्हणजे लोणच्यात घालतात तेच?’ हा प्रश्न ठरलेला. होय, जात तीच. आणि थोडे चुरचुरते तेही तसेच. दुसरा प्रकार पॅप तपासणीचा, ज्यात पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसरा एचपीव्ही चाचणीचा, ज्यात मऊ ब्रशने नमुना घेऊन प्रयोगशाळेत विषाणूचा शोध घेतात. तिन्हींत स्त्रीच्या वाट्याला येणारा वेळ काही मिनिटांचाच. पाळी गेल्यावर मात्र तपासावयाचा भाग आत सरकत असल्याने व्हिनेगरवर विसंबता येत नाही, हे सासूबाईंना घेऊन येणाऱ्या सुनांनी ध्यानात ठेवावे.

हुबळीहून रेल्वेने विजापूर, सोलापूर गाठले की पुढे बार्शी दूर नाही. तेथील नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या परिसरात 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्याच रुग्णालयाने मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासह तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून एक प्रचंड अभ्यास केला. 52 ग्रामसमूह आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया. त्यांचे चार गट केले: एकास एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यास पॅप, तिसऱ्यास व्हिनेगर आणि चौथ्यास केवळ नेहमीची आरोग्यसेवा. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत एचपीव्ही गटातील 34,126 स्त्रियांत या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांत 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र तशी निश्चित घट दिसली नाही.

चौथ्या गटाला तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या व्यासपीठांवर कठोर टीका झाली आणि ती टीका मला गैरलागू वाटत नाही. आपण जे आकडे व्याख्यानांत सहजपणे सांगतो त्यांतील 64 हा आकडा त्या स्त्रियांचा आहे.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला मृत्यूंच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 80 टक्के तपासणीस आल्या. कोरडवाहू शेतीचा, रोजंदारीचा मुलूख. एक दिवस गेला की मजुरी बुडाली. तरीही त्या आल्या, आणि आपल्याकडे दारात मोटार उभी असलेल्या घरातून एक बाई येईना! मुंबईच्या झोपडवस्त्यांतील टाटा केंद्राचा अभ्यास हेच सांगतो. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी त्यांच्या हाती सोपविली आणि दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. मृत्यूंत 31 टक्के घट झाल्याचे 2013 साली जाहीर झाले. उस्मानाबादेत एका फेरीत न साधलेले येथे चार फेऱ्यांत साधले. परत परत येण्याची तयारी ही काही औषधाच्या बाटलीतून मिळत नाही. ती घरातून मिळते.

म्हणून सोबतीचा विचार करावयाचा. माझ्या अनुभवात उत्तम सोबत जाऊबाईंची. नवरा बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्राचे तेच पान अर्धा तास वाचतो. त्याची उपस्थिती मोलाची, पण त्याच्याकडून विनोदाची अपेक्षा करू नये. दोघी जावा आल्या की आधी ‘तुम्ही थोरल्या, मान तुमचा’ असा आग्रह होतो, मग एकीच्या तोंडून ‘एनू आगंगिल्ल री’, काही होत नाही हो, असे अस्सल हुबळी पद्धतीचे आश्वासन निघते आणि दोघी हसू लागतात. हसल्याने मनावरचा ताण सैलावतो आणि तपासणी सुकर होते. मात्र हसण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, टेबलाच्या या बाजूच्या माणसाचा नव्हे. डॉक्टरांनी पडदा ओढावा, उपकरण कोमट पाण्यात धरून मग वापरावे आणि आपले विनोद स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवावेत.

खरी कसोटी अहवाल घरी पोहोचल्यावर लागते. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो, एवढे अर्धे वाक्य कोणीतरी वाचते आणि घरात संशयाचे भूत शिरते. उरलेले अर्धे वाक्य डॉक्टरांनी आधीच, पतिपत्नींना एकत्र बसवून, सांगितले पाहिजे. हा संसर्ग इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी होऊन जातो. बहुतांशी तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. कधी तो वर्षानुवर्षे सुप्त राहतो, त्यामुळे आज आढळला म्हणून तो आजचा ठरत नाही. अहवालावरून कोणाच्याही चारित्र्याचा निवाडा करता येत नाही. उस्मानाबादेत एचपीव्ही चाचणी झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींना संसर्ग आढळला. पुढील तपासणीत त्यांपैकी फार थोड्यांत कॅन्सर किंवा त्याची गंभीर पूर्वावस्था निघाली. पूर्वावस्था असलीच तर तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या फाशाने काढून टाकता येतो आणि बहुधा स्त्री त्याच दिवशी घरी जाते. अहवाल प्रथम तिच्याच हाती द्यावा. दूरध्वनीवर जो कोणी येईल त्याला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकवू नये, अशी आमच्या व्यवसायबंधूंना विनंती.

कुटुंबाच्या साथीचा विषय निघालाच आहे, तर पॅप तपासणीचे जनक जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या पत्नी आंद्रोमाकी यांचे स्मरण केले पाहिजे. ग्रीसमधून 1913 साली न्यूयॉर्कला आलेल्या या दांपत्याच्या संशोधनासाठी या बाईंनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले. तपासणीला नाव पतीचे लागले. आपल्याकडे ही प्रथा कोणास नवी वाटू नये.

भारत सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंत 70 टक्के स्त्रियांची वयाच्या 35 व्या आणि पुन्हा 45 व्या वर्षापर्यंत उत्तम प्रतीच्या चाचणीने तपासणी व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. पाळी चालू असताना येऊ नये. ती संपून चार-पाच दिवस झाले की यावे. संकोच फारच वाटत असेल तर एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला पडद्याआड स्वतःच, डॉक्टरांच्या हाताशिवाय, घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो ग्राह्य मानला आहे. हे ऐकून एका काकूंनी शांतपणे विचारले होते, ‘मग फी अर्धी ना?’